मुख्याध्यापकांची कार्यसमरसता आणि शाळेची संघटनात्मक बुद्धिमत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण वर्ग, संस्थाचालकांशी होणाऱ्या बैठका आणि एम.एड. किंवा पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकांची पत्रे यांतून या विषयावरचे काही प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला संकल्पनांचे प्रश्न आहेत, मग मोजमापाचे, आणि शेवटी नियमात न बसणाऱ्या परिस्थितींचे. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे आला असेल, तर तेथे प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. संघटनात्मक बुद्धिमत्ता म्हणजे नेमके काय? मुख्याध्यापक हुशार असले की शाळा बुद्धिमान झाली, असे म्हणता येईल का?

असे म्हणता येणार नाही, आणि या विषयातला सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. माहिती मिळवणे, तिचा अर्थ लावणे, ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचवणे, तिच्यावरून निर्णय घेणे आणि चुकलेल्या निर्णयातून शिकणे, ही सारी कामे एखादी संस्था संस्था म्हणून किती चांगली करते, त्या क्षमतेला संघटनात्मक बुद्धिमत्ता म्हणतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड विलेन्स्की यांनी १९६७ मध्ये सरकार आणि उद्योग यांच्या संदर्भात ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यांचा भर माहितीच्या प्रवासावर होता. पुढे व्यवस्थापन सल्लागार कार्ल अल्ब्रेख्ट यांनी २००३ मध्ये तिला अधिक व्यापक रूप दिले. हुशार माणसे एकत्र आली म्हणजे त्यांची संस्था हुशार होतेच असे नाही, हे त्यांच्या मांडणीचे मूळ आहे.

आपल्या शाळेबाबत एक साधी कसोटी लावून पाहावी. मुख्याध्यापक पंधरा दिवस रजेवर गेले, तर वेतन देयक, पोषण आहाराच्या नोंदी, दहावीची आवेदनपत्रे आणि एखाद्या पालकाची तक्रार ही कामे नेहमीच्या गतीने हातावेगळी होतात का? होत असतील, तर शाळेजवळ बुद्धी आहे. प्रत्येक कामासाठी साहेबांना फोन करावा लागत असेल, तर बुद्धी साहेबांजवळ आहे.

२. अल्ब्रेख्ट यांचे सात घटक शाळेच्या भाषेत कसे समजून घ्यावेत?

पहिला घटक धोरणात्मक दृष्टीचा. आपली शाळा कोणत्या मुलांसाठी आहे आणि पाच वर्षांनी ती कोठे असावी, याचे उत्तर शिक्षकांच्या मनात स्पष्ट असणे म्हणजे ही दृष्टी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो खरोखर चर्चेतून झाला असेल, तर या घटकाचा पुरावा त्यातच सापडतो. मागील वर्षाची प्रत काढून तारीख बदलली असेल, तर तोही एक पुरावाच आहे.

दुसरा घटक म्हणजे आपण सारे एकाच नावेत आहोत ही भावना. आठवीचा निकाल खालावला तर पाचवीचे वर्गशिक्षक अस्वस्थ होतात का, यावरून ती ओळखता येते. बदलाची ओढ हा तिसरा घटक आहे. चौथ्या घटकाला अल्ब्रेख्ट ‘हृदय’ म्हणतात. नेमून दिलेल्या कामापेक्षा थोडे अधिक देण्याची उमेद असा त्याचा अर्थ आहे, आणि तो कार्यसमरसतेच्या, म्हणजे कामात स्वतःला मनापासून उतरवण्याच्या, अगदी शेजारी बसतो (प्रश्न ३ आणि ५ पाहावेत).

पाचवा घटक आहे मेळ आणि सुसंगती, म्हणजे वेळापत्रक, समित्या आणि अधिकारांची वाटणी कामाला मदत करते की अडवते. सहावा, ज्ञानाचा विनियोग, हा माझ्या मते शाळेसाठी सर्वात महत्त्वाचा असून सर्वात दुर्लक्षित आहे. शिरोळ, हातकणंगले किंवा कागल तालुक्यातील शाळेचे उदाहरण घेऊ. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची मुले शाळेच्या परिसरात राहू लागतात. त्या मुलांना कोणत्या वर्गात बसवायचे, त्यांच्या मूळ शाळेशी संपर्क कसा साधायचा, ती हंगाम संपून परत जाताना सोबत कोणती नोंद द्यायची, हे कोणत्या तरी एका शिक्षिकेला अनुभवाने पक्के ठाऊक असते. तिची बदली झाली की पुढच्या हंगामात शाळा पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करते. ज्ञान होते, पण ते शाळेचे झाले नव्हते.

सातवा घटक कामगिरीचा दबाव. या नावामुळे गोंधळ होतो. वरून आलेला धाक येथे अभिप्रेत नाही. सहकाऱ्यांची एकमेकांकडून असलेली आणि सर्वांनी स्वीकारलेली अपेक्षा अभिप्रेत आहे.

३. कार्यसमरसता म्हणजे शाळेत जास्त वेळ थांबणे का?

नाही. संघटनात्मक वर्तनाचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये एका उन्हाळी शिबिरातील समुपदेशक आणि एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचारी यांचा अभ्यास करून ही कल्पना मांडली. माणूस आपल्या कामात शरीराने, बुद्धीने आणि भावनेने स्वतःला उतरवतो तेव्हा तो समरस असतो. तो स्वतःला मागे घेतो तेव्हा हजर असूनही गैरहजर असतो. आपण ज्याला ‘पाट्या टाकणे’ म्हणतो, ती ही दुसरी अवस्था. काम अर्थपूर्ण वाटणे, मत मांडल्यास अपमान होणार नाही याची मानसिक सुरक्षितता असणे आणि कामासाठी आवश्यक ती शक्ती शिल्लक असणे, या समरसतेच्या तीन अटी कान यांनी सांगितल्या.

विल्मार शॉफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जोम, समर्पण आणि तल्लीनता असे तीन घटक मांडले आणि आज बहुतेक संशोधन त्यांवर आधारलेले असते. संध्याकाळी सात वाजेपर्यंत कार्यालयात बसलेले मुख्याध्यापक या तिन्हींपैकी कशामुळेही थांबलेले नसतील, अशी शक्यता असतेच. पोर्टल दिवसा चालत नाही म्हणूनही माणसे थांबतात.

४. कार्यसमरसता, कार्यगुंतवणूक आणि कार्यसमाधान यांत फरक काय? प्रबंधात मार्गदर्शक प्रत्येक वेळी वेगळा शब्द सुचवतात.

कार्यसमाधान हे काम, वेतन, सहकारी आणि परिस्थिती यांचे मूल्यमापन असते. समाधानी माणूस निवांतही असू शकतो. ‘कार्यगुंतवणूक’ हा शब्द लोडाल आणि केजनर यांनी १९६५ मध्ये व रवींद्र कानुंगो यांनी १९८२ मध्ये मोजलेल्या संकल्पनेसाठी राखून ठेवावा, कारण त्या संकल्पनेत स्वतःच्या ओळखीत कामाला किती मोठी जागा आहे हे पाहिले जाते. कानुंगो यांची श्रेणी, म्हणजे मोजमापाची प्रश्नावली, १० विधानांची आहे. ‘कार्यसमरसता’ हा शब्द जोम, समर्पण आणि तल्लीनता या अवस्थेसाठी वापरावा. शब्द कोणताही निवडला, तरी साधन त्याच संकल्पनेचे हवे. शीर्षकात समरसता आणि परिशिष्टात कानुंगो यांची श्रेणी, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे आणि ती तोंडी परीक्षेत निस्तरता येत नाही.

५. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? मुख्याध्यापकाच्या समरसतेला शाळेच्या बुद्धिमत्तेची गरज का असावी?

डेमेरूटी, बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेला, कामाच्या मागण्या आणि कामाची साधने यांचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. मागण्या माणसाची शक्ती खर्च करतात. साधने ती भरून काढतात आणि समरसतेला खतपाणी घालतात. मुख्याध्यापकाच्या पदावर मागण्यांना तोटा नाही. यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीचे पोर्टल), शालार्थ (वेतनाचे पोर्टल), संचमान्यता (शिक्षकपदांची मंजुरी), पोषण आहार, परीक्षा मंडळाचा पत्रव्यवहार, संस्थेच्या सभा, गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून दुपारी आलेला आणि त्याच संध्याकाळपर्यंत माहिती मागणारा संदेश, यांतली एकही गोष्ट त्यांच्या इच्छेने कमी होत नाही. मग साधन कोणते उरते? सहकाऱ्यांचा विश्वास, वाटून घेतलेले काम, कोठे काय आहे हे सांगणाऱ्या नोंदी आणि आपल्या मागेही शाळा चालेल ही खात्री. ही चारही साधने संघटनात्मक बुद्धिमत्तेतूनच येतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मुख्याध्यापकाची समरसता वाढवण्यासाठी त्यांना प्रेरणेची व्याख्याने देण्यापेक्षा शाळेचा एकखांबी तंबू मोडावा. ज्या शाळेत सारी माहिती एका माणसाच्या डोक्यात साठते, तेथे तो माणूस सुरुवातीला अपरिहार्य ठरतो, त्या अपरिहार्यतेचे त्याला समाधानही वाटते, आणि काही वर्षांनी तो थकतो. तो थकला की तंबू खाली येतो. याउलट ज्यांच्या शाळेत वेतनाचे, परीक्षेचे आणि आहाराचे काम प्रत्येकी दोन माणसांना येते, ते मुख्याध्यापक सकाळी वर्गात जाऊन मराठीचा तास ऐकू शकतात. शिक्षणाशी त्यांचे नाते टिकते. ज्या कामासाठी माणूस या व्यवसायात आला, त्या कामाला त्याचा हात लागत राहणे ही समरसतेची सर्वात खात्रीची वाट आहे, असे मला मनापासून वाटते.

६. संशोधनात या दोन चलांमध्ये सकारात्मक सहसंबंध आढळतो. मग एकामुळे दुसरे वाढते हे सिद्ध झाले ना?

सिद्ध झाले नाही. इराणमधील शिक्षणक्षेत्रात अल्ब्रेख्ट यांच्या साच्यावर बरेच प्रश्नावली-अभ्यास झाले आहेत. पण एकाच वेळी गोळा केलेल्या उत्तरांवरून दिशा ठरत नाही. समरस मुख्याध्यापकामुळे शाळा शहाणी होत असेल, शहाण्या शाळेमुळे मुख्याध्यापक समरस राहत असेल, किंवा चांगली संस्था, पुरेसे शिक्षक आणि जवळचे गाव यांमुळे दोन्ही होत असेल. शिवाय दोन्ही प्रश्नावल्या एकाच व्यक्तीने एकाच बैठकीत भरल्या, तर त्या दिवशीची तिची मनःस्थिती दोन्हीकडे उतरते आणि सहसंबंध फुगतो. सहसंबंध गुणक ०.५० आला, तरी एका चलातील केवळ २५ टक्के विचरणाचा (गुणांमधील फरकांचा) दुसऱ्याशी मेळ लागतो, हेही निष्कर्षात स्पष्ट लिहावे. प्रश्न ५ मधील माझे मत सिद्धान्तावर आणि अनुभवावर उभे आहे. ते सहसंबंधाने सिद्ध झाले आहे असे मी म्हणत नाही.

७. मोजमाप कसे करावे? प्रश्नावली मुख्याध्यापकांनी भरायची की शिक्षकांनी?

समरसता ही व्यक्तीची अवस्था असल्यामुळे ती प्रश्नावली मुख्याध्यापकांनीच भरावी. शॉफेली आणि सहकाऱ्यांच्या, उट्रेख्ट (नेदरलँड्स) येथे तयार झालेल्या समरसतेच्या श्रेणीत १७ विधाने आहेत आणि २००६ मध्ये आलेली तिची संक्षिप्त आवृत्ती ९ विधानांची आहे. उत्तरे ० म्हणजे ‘कधीच नाही’ ते ६ म्हणजे ‘नेहमी’ अशी द्यायची असतात. दिवसाकाठी पाच माहितीपत्रके भरणाऱ्या माणसाला ९ विधानांची आवृत्ती देणे अधिक शहाणपणाचे आहे.

संघटनात्मक बुद्धिमत्ता हा मात्र शाळेचा गुण आहे. तिच्याबद्दल केवळ मुख्याध्यापकांना विचारणे म्हणजे यजमानालाच जेवण कसे झाले असे विचारण्यासारखे आहे. किमान पाच-सहा शिक्षक आणि शक्य असल्यास लिपिक यांच्याकडून तिची प्रश्नावली भरून घ्यावी, त्यांच्या उत्तरांत पुरेसे एकमत आहे का ते आधी तपासावे, आणि मगच शाळेची सरासरी काढावी. एका शाळेतील शिक्षकांची उत्तरे दोन टोकांना असतील, तर सरासरी फसवी ठरते; अशा वेळी तो विखुरलेपणा हाच निष्कर्ष असतो.

नमुना निवडताना कोल्हापूर शहर आणि करवीर यांवर थांबू नये. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा आणि चंदगड येथील डोंगरी भागातील शाळांचा आकार, शिक्षकसंख्या आणि प्रवासाचे अंतर इतके वेगळे आहे की त्यांच्याशिवाय ‘कोल्हापूर जिल्हा’ हे शीर्षक देणे योग्य होणार नाही.

८. इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर मीच केले तर चालेल का?

एकट्याने केलेले चालणार नाही. एकाने मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे, फरक तपासावेत, आणि मग प्रत्यक्ष नमुन्यात नसलेल्या काही मुख्याध्यापकांकडून ते वाचून घ्यावे. विश्वसनीयता गुणक (प्रश्नावलीची उत्तरे किती भरवशाची आहेत हे सांगणारा आकडा) आपल्या नमुन्यावर नव्याने काढावा. मूळ लेखकांचा आकडा उतरवून घेऊ नये. श्रेणीच्या वापरासाठी परवानगी लागते का, हेही आधी पाहावे.

९. आमची शाळा द्विशिक्षकी आहे आणि माझ्याकडे फक्त प्रभार आहे. हा विषय आम्हाला लागू होतो का?

होतो, आणि काही बाबतींत अधिक तीव्रतेने होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद १५० हून अधिक मुले असतील तेव्हा येते. म्हणजे डोंगरी भागातल्या अनेक वाड्यांवरच्या शाळांत वर्ग घेणारा शिक्षकच मुख्याध्यापकाचे काम पाहतो. दोन माणसांच्या शाळेत समित्या नेमण्याला अर्थ नाही. तेथे संघटनात्मक बुद्धिमत्तेचा अर्थ इतकाच की एकाला माहीत असलेले दुसऱ्याला माहीत असावे, आणि दोघांना माहीत असलेले वहीत असावे.

अशा शाळांसाठी बुद्धिमत्तेचे एकक शाळेबाहेर न्यावे लागते. शेजारच्या शाळांनी मिळून शिकण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक ज्या कोठारी (राष्ट्रीय शिक्षण) आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्या आयोगाने १९६४ ते १९६६ च्या कामातून शाळासमूहाची शिफारस केली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली. केंद्राच्या, म्हणजे शेजारच्या शाळांच्या प्रशासकीय गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखवण्यात जाणारा वेळ जर एकमेकांच्या अडचणी सोडवण्यात गेला, तर द्विशिक्षकी शाळेला पाच-सहा शाळांची बुद्धी उपलब्ध होते. संशोधकांनी अशा शाळांचे गुण मोठ्या शाळांच्या सरासरीत मिसळू नयेत. त्यांचा स्वतंत्र गट करावा.

१०. दिवसाचा बहुतांश वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. अशा स्थितीत समरसतेची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही का?

अन्यायाचे आहे, जर ती अपेक्षा फक्त मुख्याध्यापकाकडून केली तर. कामाचा बोजा व्यवस्थेने निर्माण केलेला असताना समरसतेचा अभाव हा व्यक्तीचा दोष ठरवणे मला मान्य नाही. तरीही शाळेच्या हातात एक गोष्ट आहे. मागितली जाणारी बरीचशी माहिती तीच असते, फक्त रकाने बदलतात. माझ्या पाहण्यातील एका माध्यमिक शाळेने जनरल रजिस्टरवरून (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीवरून) एकच मूळ तक्ता तयार केला, त्याची जबाबदारी एका लिपिकाकडे व एका शिक्षिकेकडे दिली आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो अद्ययावत करण्याचा नेम ठेवला. त्यानंतर नवी मागणी आली की ते तक्त्यातून उत्तर काढतात. वर्गावर्गात चिठ्ठी फिरत नाही. कामाची वाटणी हा यातला मुद्दा प्रश्न ५ मध्ये सविस्तर आला आहे.

११. पुराच्या काळात शाळेचे निवारा केंद्र होते. त्या काळात हे सारे सिद्धान्त बाजूला ठेवावेत का?

उलट शाळेच्या बुद्धिमत्तेची खरी परीक्षा तेव्हाच होते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत कोल्हापूर आणि शिरोळ परिसराने हे अनुभवले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना आणि निवडणूक यांबरोबर आपत्ती निवारणाचे काम शिक्षकांना देता येते, त्यामुळे ही जबाबदारी टळणारी नाही आणि टाळूही नये.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या शाळेला हे आकडे पाठ असतात. पण ३९ फुटांना कार्यालयाचे दप्तर कोणत्या खोलीतून कोठे हलवायचे, जनरल रजिस्टर आणि संगणक कोणी उचलायचे, निवाऱ्यासाठी कोणते वर्ग मोकळे करायचे, स्वयंपाकघराची किल्ली कोणाकडे, स्थलांतरित झालेल्या मुलांची यादी कोण ठेवणार, हे आधी ठरलेले असेल तरच त्या आकड्याचा शाळेला उपयोग आहे. पाणी ओसरल्यावर शिक्षकांची एक बैठक घेऊन काय चुकले ते लिहून ठेवणारी शाळा पुढच्या पुरात वेगळी वागते. २०१९ चा अनुभव २०२१ मध्ये वापरता आला का, हा प्रश्न मी अशा प्रत्येक शाळेला विचारतो. अल्ब्रेख्ट यांच्या सातही घटकांचे उत्तर त्या एका प्रश्नात मिळते.

संशोधकांना एक सूचना: पुरानंतरच्या दोन-तीन महिन्यांत घेतलेले समरसतेचे गुण नेहमीचे समजू नयेत. त्या काळात समर्पण वर आणि जोम खाली, असे चित्र दिसू शकते. म्हणून तिन्ही घटकांचे गुण वेगवेगळे द्यावेत.

१२. खासगी संस्थेत मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळते. ज्यांना हे काम आवडत नाही, त्यांच्यात समरसता कोठून येणार?

खासगी शाळा कर्मचारी नियमावली, १९८१ नुसार पात्रता आणि समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाला हे पद दिले जाते. या नियमाने वशिलेबाजीला आळा घातला, हे त्याचे मोठे काम आहे आणि ते विसरू नये. मात्र तीस वर्षे उत्तम गणित शिकवलेल्या शिक्षकाला एका सकाळी कार्यालयाच्या खुर्चीत बसवून त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला, तर त्याचे आवडते काम आपण काढून घेतो आणि नवे काम शिकवत नाही. यावर उपाय नियम बदलण्याचा नाही. उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक असतानाच त्यांना अंदाजपत्रक, संचमान्यता आणि सभेचे कामकाज यांत सामील करून घ्यावे, आणि मुख्याध्यापक झाल्यावरही आठवड्याला काही तास त्यांच्या विषयाचे अध्यापन त्यांच्याकडे आवर्जून ठेवावे.

१३. समरसता अति झाली तर काय? आमचे सर सुट्टीतही शाळेतच असतात.

समरसता आणि कामाचे व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. समरस माणसाला काम ओढून घेते. व्यसन लागलेल्याला काम न केल्याची अस्वस्थता ढकलते. सुट्टीच्या दिवशी शाळेत असणे हा पुरावा दोन्ही बाजूंना जातो. ते घरी असताना शाळेत काय होईल याची त्यांना धास्ती वाटते का, एवढे हळूच विचारून पाहावे.

१४. संस्थेने या प्रश्नावलीचे गुण मुख्याध्यापकांच्या गोपनीय अहवालात वापरायचे ठरवले आहे. योग्य आहे का?

अजिबात नाही. गुणांवर वेतनवाढ किंवा बदली अवलंबून आहे असे कळताच प्रत्येक उत्तर ५ किंवा ६ येईल आणि साधन कायमचे निकामी होईल. कान यांनी सांगितलेली मानसिक सुरक्षितता (प्रश्न ३) हिरावून घेऊन समरसता मोजणे हे मूळ हेतूशी विसंगत आहे. संस्थेला खरोखर सुधारणा हवी असेल, तर तिने शाळांची नावे न घेता एकत्रित निष्कर्ष पाहावेत आणि स्वतःला विचारावे की आपण मागवतो त्या अहवालांपैकी किती आपण वाचतो.

१५. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. आता यातले काय करता येण्यासारखे आहे?

पुष्कळ करता येईल. प्रभार देताना जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही, रोकडवही, किल्ल्या आणि शिक्के यांची यादी होते; तुम्हाला जे माहीत आहे त्याची यादी कोणी मागत नाही. ती स्वतःहून करावी. कोणत्या महिन्यात कोणत्या कार्यालयाकडे काय जाते आणि तेथे नेहमी कशावर आक्षेप येतो, कोणत्या वाडीतील मुली आठवीनंतर येणे थांबवतात आणि तेव्हा गावातील कोणाशी बोलल्यावर त्या परत येतात, इमारतीचा कोणता कोपरा आषाढात गळतो, कोणता माजी विद्यार्थी एका निरोपावर मदतीला धावतो, हे सारे एका दोनशे पानी वहीत तारखांसह लिहावे. मग पुढचे प्रभारी कोण हे निश्चित होण्याची वाट न पाहता दर शनिवारी तासभर दोन शिक्षकांना बसवून ती वही त्यांच्यासमोर वाचावी, आणि त्यांना ठाऊक असलेले पण तुम्हाला ठाऊक नसलेले त्यांच्याच हाताने त्यात लिहून घ्यावे.